काजळ आणि मौन : दलित दारिद्र्याचे मराठी चित्रण व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे चित्रण

महाराष्ट्रातील अस्पृश्य समाज आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज यांची तुलना मराठीला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा तो ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांच्या वतीने ठेवण्यात आलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने तर आपले नावच तिकडून घेतले. मराठवाड्यात जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’भोवती जमलेल्या लेखकांना तो परिचय आपल्याच घरचा वाटला.

ही सारी देवाणघेवाण ग्रंथांतून, पत्रांतून आणि सभांतून झाली. जो मजूर ग्रंथ वाचीत नव्हता, परंतु जत्रेत तमाशास बसत होता आणि तंबूतला चित्रपट पाहत होता, त्याच्या डोळ्यांपुढे काय येत होते, ह्या प्रश्नाकडे तुलनाकारांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. करमणुकीच्या व्यवहारात ह्या दोन समाजांचे दारिद्र्य कोणत्या रूपाने मांडले गेले आणि ते कोणी पाहिले, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडे ‘मिन्स्ट्रेल’ नावाचा खेळ रूढ झाला. गोरे नट जळालेल्या बुचाची काजळी तोंडास फासत, ओठ रंगवीत, आणि मळ्यातील गुलाम कसा आळशी, कसा भित्रा, कसा गाणेवेडा आहे हे नाचून दाखवीत. ज्या माणसाच्या पाठीवर चाबकाचे वळ होते तो माणूस ह्या खेळात सदैव हसत असे. हा खेळ मागे पडला, परंतु त्याने पाडलेला साचा मोडला नाही. ‘एमॉस अँड अँडी’ ही नभोवाणीवरील मालिका १९२८ पासून दोघे गोरे नट कृष्णवर्णीयांचे आवाज काढून चालवीत होते. १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली तेव्हा कृष्णवर्णीय नट घेण्यात आले, म्हणजे काजळीची गरज उरली नाही. मात्र पात्रे तीच राहिली. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने कडक निषेध केला आणि १९५३ मध्ये नव्या भागांचे प्रसारण थांबले. हॅटी मॅक्डॅनियल ह्या अभिनेत्रीस ‘गॉन विथ द विंड’मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी १९४० मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते स्वीकारण्यासाठी ती ज्या समारंभास गेली तेथे तिचे टेबल इतर कलावंतांपासून वेगळे मांडलेले होते. पारितोषिक आणि पंक्तिभेद एकाच संध्याकाळी, एकाच दिवाणखान्यात! हा प्रसंग मराठी वाचकास फारसा समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून उद्‌बोधक आहे तो १९७० नंतरचा वाद. ‘गुड टाइम्स’ (१९७४–१९७९) ह्या मालिकेत शिकागोच्या सरकारी चाळीत राहणारे एक गरीब कृष्णवर्णीय कुटुंब होते. आईबाप कष्टाळू, स्वाभिमानी. परंतु प्रेक्षकांस थोरल्या मुलाचे विदूषकी चाळे आवडू लागले, आणि मालिका त्या चाळ्यांभोवती फिरू लागली. आईबापांच्या भूमिका करणाऱ्या एस्थर रोल आणि जॉन एमॉस यांनी उघड नापसंती दर्शविली. एमॉस यांस मालिकेतून जावे लागले. गरिबी दाखवावयास हरकत नाही, परंतु गरीब माणूस आपल्यास हसवील तर बरे, असा त्या प्रेक्षकवर्गाचा कौल होता. पुढे ‘द कॉस्बी शो’ (१९८४–१९९२) आला. येथे बाप डॉक्टर, आई वकील, घर सुबक, मुले सुस्वभावी. आता तरी चित्र सुधारले असे अनेकांस वाटले. परंतु सट झाली आणि जस्टिन ल्यूइस ह्या दोघा अभ्यासकांनी प्रेक्षकांशी बोलून केलेले संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतून निराळेच काही दिसले. ह्या सुखवस्तू कुटुंबाकडे पाहून अनेक गोऱ्या प्रेक्षकांनी असा निष्कर्ष काढला होता की, आता वर्णभेद उरलेला नाही. जे अजून गरीब आहेत त्यांचा दोष त्यांच्याकडेच. गरीब दाखवावे तर हसे होते आणि सुखवस्तू दाखवावे तर गाऱ्हाणेच खोटे ठरते. ‘चांगली प्रतिमा’ आणि ‘वाईट प्रतिमा’ यांच्या हिशेबाने हा पेच सुटत नाही, हे त्या संशोधनाचे खरे फलित होय.

आता महाराष्ट्राकडे वळावयाचे. येथे एक उतावीळ समीकरण टाळले पाहिजे. मिन्स्ट्रेल म्हणजे तिकडचा तमाशा, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. तमाशाचे फड महार, मांग, कोल्हाटी ह्या समाजांतील कलावंतांचे होते. विनोद त्यांचा, ढोलकी त्यांची, सोंगाड्याच्या तोंडून पाटलाची टोपी उडविण्याचा अधिकारही त्यांचाच. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण गृहस्थ ह्या फडांत आले, ते नक्कल करावयास आले नाहीत. पवळाबाईंच्या संगतीने त्यांनी आपली जात मागे टाकली आणि त्याची किंमतही मोजली. तोंडास काजळी फासून रात्री घरी जाऊन ती धुणारा गोरा नट कोठे आणि परत घरी जाण्याची वाट बंद करून घेणारा हा शाहीर कोठे!

तमाशात अवमान नव्हता असा मात्र याचा अर्थ नव्हे. तो अवमान खेळाच्या मांडणीत होता. फडासमोर पुढे कोण बसतो, दौलतजादा कोण करतो, आणि नाचणाऱ्या स्त्रीने कोणाकडे पाहून हसावयाचे, हे गावाच्या उतरंडीने ठरविलेले असे. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे उभे केले, त्यांनी तमाशाचा साचा बराचसा ठेवला, पण त्यातील शृंगार काढून टाकला आणि शिक्षण, पाणी, देऊळ, गावकीची कामे हे विषय घातले. ह्या बदलाचे वर्णन सामान्यतः ‘करमणुकीतून प्रबोधन’ असे केले जाते. ते अपुरे आहे. जलशाने प्रेक्षक बदलला. दौलतजादा करणारा समोरून उठला आणि त्याच्या जागी महारवाड्यातील आयाबाया बसल्या. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठीच काढलेले चित्रपट १९२० च्या सुमारास ऑस्कर मिशो यांच्यासारखे दिग्दर्शक तयार करीत होते. त्यांची तुलना तमाशाशी न करता ह्या जलशांशी करावी, असे आम्हांस वाटते.

मराठी चित्रपटाने तमाशा उचलला तो ह्या जलशाच्या अंगाने नव्हे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्यात अडीच वर्षांच्या आसपास चालला. त्या यशाने तमाशापटांची रांग लावली. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने ती परंपरा कळसास नेली. ह्या चित्रपटांची कलात्मक योग्यता येथे तपासावयाची नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की त्यांत फड आहे, गरिबी आहे, पाटलाची दांडगाई आहे, नाचणारीची होरपळ आहे, परंतु जात नाही. चंद्रकलेचा फड कोणत्या समाजाचा, हे ‘पिंजरा’ सांगत नाही आणि प्रेक्षकही विचारीत नाही. गुरुजीचे शील ढळते, हा चित्रपटाचा शोक. जिच्यामुळे ते ढळते तिचा पिढीजात धंदा तिला कोणी नेमून दिला, हा शोकाचा विषय होत नाही.

मराठी आणि अमेरिकन चित्रणांतील मूळ भेद येथे सापडतो. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात दिसत नाही. कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर आला की तो कोण हे लपविता येत नाही. म्हणून त्याचे विकृतीकरण करावयाचे तर त्याच्यावर रंग चढवावा लागतो. काजळी, मोठे ओठ, वेडगळ बोली ही त्या रंगाची साधने. येथे असे काही करावे लागत नाही. जातीचा उल्लेख गाळला की काम भागते. तिकडे काजळ फासले, इकडे मौन पाळले. आणि मौनाचा एक मोठा फायदा असा की, त्याविरुद्ध निषेधसभा भरविता येत नाही. जे म्हटलेच नाही त्याचा निषेध कसा करणार?

ह्या मौनाला अपवाद झाला तो ‘फकिरा’. अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ मधली. तिचा नायक मांग आहे आणि उपाशी माणसांसाठी तो सरकारी खजिन्यास हात घालतो. तिच्यावर १९६३ मध्ये चित्रपट निघाला. ‘वैजयंता’, ‘आवडी’, ‘माकडीचा माळ’, ‘वारणेचा वाघ’ अशा त्यांच्या आणखीही कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. एवढ्या कथा पडद्यास पुरविणारा हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहिला आणि १९६९ मध्ये विपन्नावस्थेत वारला. मॅक्डॅनियलच्या वेगळ्या टेबलाची आठवण येथे व्हावी. फरक असा की अण्णा भाऊंना टेबलच नव्हते.

१९९४ च्या ‘मुक्ता’मध्ये जब्बार पटेल यांनी दोन्ही समाज एकाच चौकटीत आणले. सत्ताधारी मराठा घराण्यातील, परदेशात वाढलेली मुक्ता इकडे शिकावयास येते, दलित कवी-कार्यकर्त्याशी तिचा स्नेह जुळतो, आणि मध्येच तिचा कृष्णवर्णीय अमेरिकन मित्र पाहुणा म्हणून येतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. १९७८ च्या दंगलींपासून चाललेल्या प्रश्नाची जखम ताजी असताना असा चित्रपट काढणे हे धैर्याचे होते, यांत शंका नाही. तथापि त्याची रचना पाहावी. दलित तरुण आणि कृष्णवर्णीय तरुण हे दोघेही ह्या चित्रपटात एका मोठ्या वाड्याच्या दारापर्यंत येतात. त्यांना पाहून वाड्यातील माणसे कशी वागतात, ही चित्रपटाची कसोटी. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ ह्या १९६७ च्या अमेरिकन चित्रपटात सिडने पॉइटिए ह्याच जागी उभा होता. कसोटी यजमानाची लागते. पाहुणा तिचे साधन होतो. मिलिंद वाघ कविता म्हणतो, भाषण करतो. तो स्वतःच्या घरात एकटा असतो तेव्हा काय करतो, याविषयी मनात राहणारे असे काही हा चित्रपट देत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. २०१३ मध्ये तो महोत्सवांत दाखविण्यात आला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जांबुवंत उर्फ जब्या हा शाळकरी मुलगा, त्याचा बाप कचरू माने, आणि वरच्या जातीची वर्गभगिनी शालू. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. तेव्हा ‘दलित’ हा शब्द येथे व्यापक अर्थानेच घ्यावयास हवा. ‘माने’ हे आडनाव मराठ्यांतही आढळते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे नावावरून प्रेक्षकास काहीच कळत नाही. जब्या काळा आहे, पण गावात काळी मुले अनेक आहेत. काळ्या चिमणीची राख टाकली की मनातली मुलगी वश होते, ह्या समजुतीपायी तो रानोमाळ हिंडतो. जीनच्या विजारीसाठी सायकलवरून बर्फाच्या कांड्या विकतो. हे सारे कोणत्याही गरीब पोराचे आहे. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लुएस्ट आय’ (१९७०) ह्या कादंबरीतील मुलगी निळ्या डोळ्यांची आस धरते, तिची येथे आठवण होते. परंतु तिचे दुःख तिच्या कातडीवर लिहिलेले आहे, जब्याचे तसे नाही. मग त्याची जात पडद्यावर दिसावी कशी?

मंजुळे यांचे उत्तर चित्रपटाच्या शेवटच्या भागात आहे. जत्रेच्या पालखीत डुक्कर घुसते, गावकऱ्यांचा हुकूम सुटतो, आणि कचरूचे सारे कुटुंब शाळेशेजारच्या रानात डुकरे धरावयास निघते. जब्या लपू पाहतो, कारण शाळेतील मुले तिकडेच आहेत, शालू तिकडेच आहे. हा प्रसंग दिग्दर्शकाने फार लांबविला आहे, आणि तो लांबविलाच पाहिजे होता. काठावर गावातील टोळके जमते. कोणी शेरे मारतो, कोणी मोबाइलवर चित्र घेतो, कोणी क्रिकेटच्या सामन्यासारखा आनंद लुटतो. एका कुटुंबाची मजुरी गावाची करमणूक होते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे ताठ उभे राहतात, आणि हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. पडद्यावर ज्याला जात नाही त्याची जात ह्या वीसपंचवीस मिनिटांत प्रत्येकास दिसते, कारण ती जब्याच्या चेहऱ्यावर नसून काठावर बसलेल्यांच्या नजरेत आहे. जातीचे छायाचित्र घ्यावयाचे तर पाहणाऱ्याचे घ्यावे लागते, हे ह्या चित्रपटाने ओळखले. आमच्या मते मराठी चित्रपटाने वर्णिलेल्या मौनास मिळालेले हे पहिले कलात्मक उत्तर होय. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो, त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु आपण कोठे बसलो आहोत हे दिग्दर्शकाने आधीच सांगून ठेवले नसते, तर तो दगड केवळ क्लृप्ती ठरला असता.

सर्वच स्थळे इतकी समर्थ आहेत असे नाही. काठीला बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेणारी माणसे शाळेच्या भिंतीवरील फुले, आंबेडकर प्रभृतींच्या चित्रांपुढून जातात, त्या दृश्याची फार वाखाणणी होते. आम्हांस ते किंचित बेतलेले वाटते. प्रेक्षकाने स्वतः करावयाचा विचार तेथे भिंतीवर रंगवून दिलेला आहे. राष्ट्रगीताच्या प्रसंगी जे सहज साधले, ते येथे मांडून ठेवावे लागले.

ह्या चित्रपटावर घेतला गेलेला एक आक्षेप मात्र गंभीरपणे तपासला पाहिजे, कारण तो दलित वाचकांकडून आणि विद्यार्थ्यांकडूनही ऐकू येतो. आम्ही शिकलो, नोकऱ्या मिळविल्या, घरे बांधली. पडद्यावर मात्र अजून डुकरामागे धावणाराच का? आक्षेपामागील व्यथा खरी आहे, आणि ‘गुड टाइम्स’च्या वेळी एस्थर रोल यांची व्यथा हीच होती. परंतु त्या मालिकेत कॅमेरा हसणाऱ्यांच्या बाजूस होता. ‘फँड्री’त हसणारे कॅमेऱ्यापुढे आहेत. दारिद्र्य दोन्हीकडे आहे. ते कोणाच्या स्वाधीन केले आहे, यावर सारे अवलंबून आहे. शिवाय डॉक्टर-वकील दाखवून प्रश्न सुटत नाही, हे कॉस्बीच्या उदाहरणाने दिसलेच आहे. शिकलेल्या दलित कुटुंबाचा चित्रपट अवश्य निघावा. पण भाड्याने खोली विचारावयास गेल्यावर आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, हे त्यात नसेल, तर तो चित्रपटही मौनाच्याच परंपरेत जाईल.

मौन किती सहज परत येते याचा पुरावा ‘सैराट’ने दिला. मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचा उच्चांक मोडणारा हा २०१६ चा चित्रपट पाटलाची मुलगी आणि हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलगा यांच्या प्रेमाचा व त्यांच्या हत्येचा आहे. दोनच वर्षांनी ‘धडक’ ह्या नावाने त्याचा हिंदी अवतार निघाला, त्यात कथा उदयपूरला गेली, नायक-नायिका देखणी झाली, आणि जात जवळजवळ विरघळून गेली. मूळ मराठी चित्रपटाचेही जनमानसात काय झाले हे पाहण्यासारखे आहे. देवगाव फाट्यावर मंठा, जिंतूर आणि सेलू ह्या बाजूंचे रस्ते मिळतात. लग्नसराईत तेथून जाणाऱ्या वराती थांबून नाचतात, आणि ‘झिंगाट’ वाजल्यावाचून त्यांतील एकही पुढे सरकत नाही. ज्या घरांत असे लग्न कोणी उभ्या जन्मात होऊ देणार नाही, त्या घरांची मुलेही त्यावर नाचतात. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्यांच्या दिवाणखान्यात शंभर वर्षे वाजत आहे, त्यातलाच हा प्रकार. गाणे आत येते, गाणारा बाहेर राहतो.

ह्या विषयावर आमच्या विभागांतून होणारे संशोधन अद्याप मुख्यतः छापील कादंबऱ्या-आत्मकथनांवर आणि फार तर चारदोन गाजलेल्या चित्रपटांवर थांबते. परभणी, जालना, हिंगोली ह्या भागांत जलसे कोणी केले, त्यांच्या वह्या कोणाकडे आहेत, १९७० नंतर भीमगीतांच्या ज्या ध्वनिफिती जयंतीच्या मंडपांतून वाजत त्या कोठे आहेत, तंबूतल्या चित्रपटास कोणत्या वस्तीतून किती माणसे येत आणि ती कोठे बसत, याची नोंद अजून व्हावयाची आहे. जलशात काम केलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. सेलू, जिंतूर आणि पाथरी ह्या तीन तालुक्यांपासून आरंभ केला, तर एका विद्यार्थ्यास दोन वर्षांत पहिली सूची करता येईल. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतेच.